आधी आपले, मग दिलेले

चेन्नईच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकवणाऱ्या धर्मभगिनी आपला सगळा पगार मठाच्या हवाली करतात. मग तो पगार नेमका कोणाचा? या प्रश्नाचे न्यायालयात मिळालेले उत्तर आपल्या घरालाही विचार करायला लावणारे आहे.

पगार झाला की घरोघरी हिशेब सुरू होतो. दूधवाला, किराणा, घराचा हप्ता, मुलांची फी, सासूबाईंची औषधे. सगळे भागवून काही उरलेच तर देवळाच्या दानपेटीत, एखाद्या अनाथाश्रमाला किंवा दारात आलेल्या मंडळाच्या पावतीवर थोडेफार पैसे जातात. बहुतेक घरांत दानाची जागा अशी यादीच्या अगदी शेवटी असते. उरले तर द्यायचे, नाही तर पुढच्या महिन्यात पाहू.

आता अशा स्त्रियांचा विचार करा, ज्यांच्या यादीत दुसरी ओळच नसते. त्या नोकरी करतात, पगारपत्रकावर सही करतात आणि पगार जमा झाला की तो पूर्णच्या पूर्ण देऊन टाकतात. त्यांच्या नावावर मुदतठेव नसते, दागिने नसतात, म्हातारपणासाठी बाजूला काढून ठेवलेले काही नसते. या स्त्रिया म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी. त्यांना आपण सगळेच 'सिस्टर' म्हणून ओळखतो. आपल्यापैकी कित्येकींनी त्यांच्या शाळेत पाढे पाठ केलेले असतात, कित्येकांची बाळे त्यांच्या दवाखान्यात जन्मलेली असतात. पण शाळेची घंटा झाल्यावर त्या मठात परततात, तेव्हा त्यांच्या पगाराचे पुढे काय होते, याची चौकशी आपण सहसा करत नाही.

ती चौकशी केली आयकर खात्याने, आणि ती करताना एक मोठा प्रश्न उभा राहिला.

एकच पेटी

धर्मभगिनी होताना तीन व्रते घेतली जातात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. यातल्या दारिद्र्याच्या व्रताचा अर्थ केवळ साधे राहणे एवढाच नाही. कॅथलिक चर्चचा जो स्वतःचा कायदा आहे, त्याच्या १९८३ च्या संहितेत याबाबत स्पष्ट कलम आहे. व्रतस्थ व्यक्ती आपल्या कष्टाने किंवा संघाची सदस्य म्हणून जे मिळवील ते संघाचे होते. निवृत्तिवेतन, विम्याची रक्कम, अनुदान हेही साधारणपणे संघाकडेच जाते.

म्हणजे पगार सामाईक पेटीत जायचा, आणि सिस्टरला जे लागेल ते त्या पेटीतून मिळायचे. बसभाडे, चष्मा, चपला, औषध, माहेरी आजारी आईला भेटायला जाण्याचा खर्च, सगळे त्यातूनच. ज्या सिस्टर महाविद्यालयात प्राध्यापिका आहेत त्यांचा भरघोस पगार आणि ज्या स्वयंपाकघर सांभाळतात किंवा वस्तीत फिरून रुग्णसेवा करतात त्यांची शून्य मिळकत, दोन्ही एकाच पेटीत. पानात पडणारा भात मात्र दोघींना सारखाच.

या पेटीची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. चर्चच्या त्याच कायद्यानुसार संघाचा आर्थिक कारभार पाहणारी व्यक्ती संघप्रमुखाहून वेगळी असावी लागते. शक्य असेल तिथे लहान मठातही हुकूम देणारा हात आणि किल्ली सांभाळणारा हात वेगळे असावेत, आणि किल्ली सांभाळणाऱ्याने वेळोवेळी हिशेब द्यावा, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या किती एकत्र कुटुंबांत अशी सोय असते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या सामाईक पेटीतून मग म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या सिस्टरची देखभाल होते, नव्या मुलींचे शिक्षण होते. उरते त्यातून जिथे फी देणारे कोणी नाही अशा ठिकाणची शाळा, वसतिगृह, दवाखाना चालतो. शहरातल्या एका सिस्टरचा पगार असा दूरच्या खेड्यातल्या फळ्याखडूपर्यंत पोचतो. या दानावर कोणाचे नाव कोरलेले नसते, कारण ते कोणा एकीचे राहिलेलेच नसते.

मद्रासची जुनी ओळख

चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, ही रीत रुजली त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. १८४२ च्या जानेवारीत आयर्लंडहून प्रेझेंटेशन संघाच्या सिस्टर जहाजाने मद्रासला उतरल्या आणि जॉर्ज टाऊनच्या दाट वस्तीत त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली. त्यांच्या संघाची संस्थापिका नॅनो नेगल ही अठराव्या शतकात कॉर्क शहरात होऊन गेली. ती श्रीमंत घरातली होती. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिकांच्या शाळांना कायद्याने बंदी असे, म्हणून तिने गरीब मुलांसाठी गुपचूप वर्ग चालवले. वारशाने आलेला पैसा तिने त्यात घातला आणि तो पुरेनासा झाला तेव्हा रस्त्यावर उभे राहून लोकांकडे हात पसरला. १७७५ मध्ये तिने संघ स्थापन केला.

याच संघाने १९०९ मध्ये मद्रासला चर्च पार्कची शाळा काढली. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झालेल्या जयललिता या शाळेच्या विद्यार्थिनी. कॉन्व्हेंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अशाच शाळा येतात: इस्त्रीचे गणवेश, इंग्रजी बोलणाऱ्या मुली, प्रवेशासाठी रांगा. 'इथे कसले आले दान?' असे कोणी म्हटले तर त्यात चूक नाही. फी घेऊन शिक्षण देणे म्हणजे दान नव्हे. पण अशा संघांचा इतिहास पाहिला तर ऐपत असलेल्यांची शाळा आणि ऐपत नसलेल्यांची शाळा त्यांनी अनेकदा शेजारी शेजारी चालवलेल्या दिसतात. पहिलीतून आलेला पैसा दुसरीला लावायचा, आणि दोन्हींत शिकवणाऱ्या सिस्टरचे श्रम फुकट धरायचे, असे ते गणित होते.

१५ ऑगस्ट १९४७ या दिवशी, देश स्वतंत्र होत असताना, मद्रासमध्ये मुलींसाठी स्टेला मारिस महाविद्यालय सुरू झाले. ते काढले फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या सिस्टरनी. हा संघ मूळचा उटकमंडचा, म्हणजे आपल्या उटीचा. एका फ्रेंच साध्वीने १८७७ मध्ये तिथे त्याची सुरुवात केली आणि पुढे तो जगभर पसरला.

पुढे अनुदानाची पद्धत आली. खासगी संस्थेच्या शाळेतील शिक्षकांचा पगार सरकार देऊ लागले. सिस्टरही रीतसर पात्रता मिळवून शिक्षिका झालेल्या, त्यामुळे त्यांनाही तो मिळू लागला. दान देणारीच्या हाती आता सरकारी पगार आला. पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

टोपली घेऊन बाजारात

पण सगळ्याच संघांकडे पगार नसतो. चेन्नईत चेटपेट भागात हॅरिंग्टन रोडवर आणि आपल्या मुंबईत अंधेरीला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या संघाचे वृद्धाश्रम आहेत. गरीब, निराधार म्हाताऱ्यांना इथे जात-धर्म न विचारता ठेवून घेतात. या सिस्टर कोणाच्या शाळेत नोकरी करत नाहीत. त्या मागायला जातात. बाजारात, दुकानांत, कचेऱ्यांत जाऊन त्या तांदूळ, भाजी, कापड, पैसे, जे मिळेल ते घेतात.

ही पद्धत त्यांची संस्थापिका जान ज्युगान हिने घालून दिली. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ही घरकाम करणारी बाई. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, निराधार म्हातारीला उचलून घरी आणले आणि तिला आपला बिछाना दिला. मग दुसरी आली, तिसरी आली. खायला घालणार काय, म्हणून जान टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. एकदा एका चिडलेल्या गृहस्थाने तिला थप्पड मारली. ती शांतपणे म्हणाली की हे मला मिळाले, आता माझ्या म्हाताऱ्यांसाठी काही द्या. अशी आठवण या संघात आजही सांगतात. २००९ मध्ये चर्चने तिला संतपद दिले.

या संघाने १८६५ मध्ये एक विलक्षण निर्णय घेतला. कायमच्या ठेवी करून त्यांच्या व्याजावर संस्था चालवायची नाही. कोणाला हे वेडेपणाचे वाटेल. पण त्यामागे विचार होता. ठेवीचे व्याज आपोआप येऊ लागले की शेजाऱ्याकडे जायचे कारण उरत नाही. मागायला गेले की दहा घरे संस्थेशी जोडलेली राहतात, त्यांची नजरही संस्थेवर राहते.

या विचाराचे मोल अलीकडेही दिसले. २०२१ च्या डिसेंबरात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाच्या परदेशी देणग्या घेण्याच्या परवान्याचे नूतनीकरण केंद्र सरकारने नाकारले होते. जानेवारी २०२२ मध्ये परवाना पुन्हा मिळाला. परंतु दूर देशातून येणारा मोठा धनादेश एका कागदावर अडू शकतो, आणि गल्लीतून येणारे मूठभर तांदूळ अडत नाहीत, एवढे त्यातून कळले.

आपल्याला हे नवे नाही

मराठी वाचकाला हे सारे परके वाटायला नको. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण घरात ऐकलेल्या आहेत. आणि पगार सामाईक पेटीत टाकण्याचे व्रत म्हणाल, तर तेही आपल्याकडे घेतले गेले आहे.

अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. संस्था वाढली तशी आयुष्य वाहून काम करणाऱ्या माणसांची गरज भासू लागली, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी 'निष्काम कर्म मठ' स्थापन केला. नावातच मठ होता. आयुष्य मठाला द्यायचे, स्वतःच्या लाभाचा विचार सोडायचा आणि मठ ठरवील तेवढ्यात आपला चरितार्थ चालवायचा, अशा आशयाची प्रतिज्ञा सेवक घेत. फरक एवढाच की इथे संसारी माणसेही होती.

आणि टोपली घेऊन बाजारात जाणाऱ्या सिस्टरचे मराठी रूप हवे असेल तर पार्वतीबाई आठवले आठवाव्यात. कर्व्यांच्या पत्नी बाया यांची ही बहीण, तरुणपणी विधवा झालेली. हिंगण्याच्या संस्थेसाठी तिने गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १९१८ मध्ये तर ती इंग्रजीचे जेमतेम ज्ञान असताना अमेरिकेला गेली. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी काम केले आणि संस्थेसाठी पैसे जमवले. भाऊबीजेला ओवाळणी म्हणून थोडी थोडी रक्कम घरोघर मागायची, ही हिंगण्याच्या संस्थेची भाऊबीज निधीची पद्धत पुण्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे.

तेव्हा सर्वस्व देणे आणि त्यासाठी हात पसरणे, दोन्ही आपल्या ओळखीचे. न्यायालयात गेलेला प्रश्न मात्र वेगळा होता.

पगार कोणाचा?

इंग्रजी अमदानीत, १९४४ मध्ये, आयकर खात्याने एक परिपत्रक काढले होते. धर्मसंघाच्या सदस्यांना मिळणारी फी ते संघाला देत असतील तर त्यावर त्या सदस्यांकडून कर घेऊ नये, असा त्याचा आशय होता. १९७७ मध्ये तशाच आशयाचा खुलासा पुन्हा झाला. त्या आधारावर तमिळनाडूत अनुदानित शाळांतील सिस्टर आणि धर्मगुरू यांच्या पगारातून वर्षानुवर्षे कर कापला जात नसे.

२०१४-१५ च्या सुमारास आयकर खात्याने भूमिका बदलली. पगार व्यक्तीला मिळतो, तेव्हा तो देतानाच इतरांप्रमाणे कर कापा, असे सांगितले गेले. संघ मद्रास उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे: व्रत घेतल्या क्षणी ही स्त्री व्यवहारापुरती जगाला मेलेली असते. हिंदू कायद्यातही संन्यास घेतलेल्या माणसाचे घरादाराशी नाते तुटते, तसेच हे. पगार तिच्या नावाने निघतो, पण तिचा तो कधी होतच नाही. मग जे तिचे नाही त्यावर तिच्याकडून कर कसा घेणार?

सुरुवातीला संघांच्या बाजूने निकाल लागला. पण २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. जुनी परिपत्रके फीविषयी आहेत, पगाराविषयी नाहीत, आणि चर्चचा कायदा सदस्यांना बांधील असला तरी देशाच्या करकायद्यावर मात करू शकत नाही, असे खंडपीठाचे म्हणणे पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तमिळनाडू आणि केरळमधून आलेली नव्वदहून अधिक अपिले ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्यीय पीठाने फेटाळली. पगार व्यक्तीच्या हाती येतो, पुढे तिने तो कोणाला दिला हा तिचा प्रश्न, कायदा सर्वांना सारखा, असा सुनावणीतला रोख होता.

सिस्टरांच्या दृष्टीने हा तोटाच. कर कापला गेला की तेवढे पैसे सामाईक पेटीत कमी पडतात, आणि ती झळ शेवटी पोचते ती फी नसलेल्या वसतिगृहापर्यंत. स्वतःसाठी एक रुपया न ठेवणाऱ्या बाईला कर भरायला लावणे मनाला खटकते, हे खरेच. पण या निकालाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते.

आपल्या कायद्यात हा धागा जुना आहे. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीतलदास तीरथदास या मुंबईच्या खटल्यात एक भेद सांगितला. त्या गृहस्थांना न्यायालयाच्या हुकुमाने बायकोमुलांना पोटगी द्यावी लागत होती आणि तेवढी रक्कम आपले उत्पन्न धरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. उत्पन्न आपल्यापर्यंत पोचण्याआधीच दुसरीकडे वळले असेल तर ते आपले नाही. पण आपल्या हाती आल्यावर आपण ते एखाद्या कर्तव्यासाठी खर्च केले, तर ते आधी आपलेच होते.

त्याहून जुना दाखला आपल्या मुकुंदराव जयकरांचा आहे. पूर्वी एकत्र कुटुंबाच्या पैशाने शिकलेला मुलगा कमावू लागला की त्याच्या कमाईवर सगळे कुटुंब हक्क सांगू शकत असे, आणि त्यावरून भाऊबंद न्यायालयात जात. जयकरांनी त्याविरुद्ध कायद्यासाठी खटपट केली आणि १९३० मध्ये तो कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असला, तरी विद्येच्या जोरावर मिळवलेली कमाई ज्याची त्याची, असे त्यात ठरले. कुटुंबाला देऊ नका, असे कायदा म्हणत नाही. तो इतकेच म्हणतो की देणारा आधी मालक आहे.

सिस्टरांच्या निकालातही तेच आले आहे. 'हा पगार तुमचा कधी नव्हताच' असे म्हटले तर त्यांच्या देण्यात देण्यासारखे काय उरते? नळातून पाणी वाहते, त्याला आपण दान म्हणत नाही. 'पगार तुमचा आहे, आणि तुम्ही तो दर महिन्याला स्वतःच्या हाताने देता' असे म्हटले की त्या देण्याचे मोल कळते. न्यायालयाने कर लावला, पण त्याबरोबर तिची कमाई तिच्या नावावर मांडली.

आणि कमाई नावावर मांडली जाणे ही साधी गोष्ट नाही. चर्चच्याच कायद्यात पुढे एक कलम आहे. संघ सोडून जाणाऱ्या व्यक्तीला तिने केलेल्या कामाबद्दल संघाकडे काही मागता येत नाही. मात्र संघाने तिच्याशी न्यायाने आणि मायेने वागावे, असेही त्याच कलमात आहे. तीस वर्षे शिकवून पन्नाशीत बाहेर पडणाऱ्या स्त्रीचा पुढचा संसार असा दुसऱ्याच्या मायेवर अवलंबून राहतो. सर्वस्व देण्यात केवढी जोखीम असते ते इथे कळते. त्यातही तिने ती जाणून, वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर, स्वतःच्या तोंडाने शपथ घेऊन पत्करलेली असते.

आपल्या घरातली पेटी

आता मठातून आपल्या घरात या. कित्येक घरांत सुनेचा पगार आजही थेट सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या हाती जातो. एटीएमचे कार्डही त्यांच्याचपाशी असते. 'आमच्याकडे सगळे एकत्रच असते' असे अभिमानाने सांगितले जाते. एकत्र असण्यात गैर काही नाही, उलट अडीअडचणीला तेच उपयोगी पडते. पण तिने शपथ घेतली होती का? तिला कोणी विचारले होते का? पेटीतून किती गेले आणि कुठे गेले, हे तिला कोणी सांगते का? आणि पगार न मिळवणाऱ्या गृहिणीचे काय? तिच्या श्रमांवर पेटी भरते, पण शेजारणीच्या मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी पाचशे रुपये द्यायचे झाले तरी तिला विचारावे लागते.

विचारल्याशिवाय घेतलेल्या पैशाला त्याग म्हणता येत नाही. सिस्टरच्या आणि सुनेच्या पगाराची वाट एकच दिसली, तरी एकीने दिलेला असतो आणि दुसरीकडून घेतलेला असतो. म्हणून घरात दानाची शिस्त आणायची असेल तर सुरुवात इथून करावी. घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि राबत्या माणसाचा पैशावर हक्क आहे हे आधी मान्य करा. मग सगळ्यांनी मिळून काय द्यायचे ते ठरवा.

ठरवताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

दानाची ओळ यादीच्या शेवटून उचलून वर आणा. रक्कम लहान असो, पण ती महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढा. वृद्धाश्रमाला वर्षातून एकदा मिळणाऱ्या पाच हजारांपेक्षा दर महिन्याचे चारशे रुपये जास्त उपयोगी पडतात, कारण डाळ-तांदूळ दर महिन्याला लागतात.

देण्याआधी विचारा. वाढदिवसाला आणि दिवाळीला आश्रमांत मिठाईचे ढीग लागतात आणि फेब्रुवारीत साबण संपलेला असतो. फोन करून 'सध्या काय कमी आहे?' असे विचारले तर म्हाताऱ्यांचे डायपर, फिनेल, चादरी किंवा एखाद्या मुलीच्या बसचा पास अशी उत्तरे मिळतील. फाटके कपडे देऊन कपाट रिकामे करणे हे दान नव्हे, ती आपली साफसफाई झाली.

पावती मागण्यात संकोच नको. संस्था नोंदलेली आहे का, हिशेब तपासला जातो का, हे विचारा. करसवलत हवी असेल तर ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत अशा देणगीची वजावट नाही, आणि दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावी.

संस्था कोणत्याही धर्माची असो, एक प्रश्न जरूर विचारा: मदत घेणाऱ्याला काही अट घातली जाते का? भुकेल्याला आधी नाव-गाव-देव विचारून मग जेवण वाढणारी संस्था मोठी असली तरी तिथे देताना दोनदा विचार करावा. जी न विचारता वाढते, तिच्या दारावर कोणते चिन्ह आहे याने फारसा फरक पडत नाही.

आणि मुलांना या हिशेबात घ्या. त्यांना खाऊचे पैसे देता तेव्हा ते त्यांचे आहेत हे मनापासून मान्य करा. त्यातले दहा रुपये त्यांनी आपणहून काढून दिले तर त्यांना देण्याची चव कळेल. 'चल, टाक पेटीत' असे म्हणून त्यांच्या मुठीत नाणे कोंबले, तर ते दान आपलेच, हात फक्त त्यांचा.

सिस्टरांसारखे सगळे देऊन टाकणे आपल्याच्याने होणार नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. आपल्यामागे मुले आहेत, कर्जे आहेत, म्हातारे आईवडील आहेत. पण चेन्नईच्या एखाद्या शाळेत दिवसभर मुलींना गणित शिकवून संध्याकाळी रिकाम्या हाताने मठात परतणारी बाई आपल्याला एक हिशेब नक्की शिकवू शकते. तिच्या पगाराच्या पावतीवर आता कराचा आकडा असतो. कर वजा जाऊन जे उरते ते ती आजही, एक पैसाही मागे न ठेवता, सामाईक पेटीतच टाकते.